विमा, बेसूर आणि चार्ल्स आइव्ज

जगात दोन प्रकारची माणसं दिसली की लोक आतून कडी घालतात. एक विमा एजंट आणि दुसरा, नुकतीच केलेली चाल ऐकवायला निघालेला संगीतकार. दोघांच्याही बगलेत कागदांचं भेंडोळं असतं, दोघेही 'पाचच मिनिटं घेतो' म्हणून बूड टेकतात आणि दोघांनाही चहा पाजल्याशिवाय उठवता येत नाही. आता ही दोन्ही माणसं एकाच कोटात शिरली तर त्या कोटाला दारात तरी कोण उभं करील? पण असा एक गृहस्थ अमेरिकेत होऊन गेला. चार्ल्स आइव्ज त्याचं नाव. जन्म १८७४, मृत्यू १९५४. दिवसा न्यूयॉर्कमध्ये आयुर्विम्याचा धंदा करायचा आणि रात्री घरी बसून सिंफन्या लिहायचा. गंमत अशी, की त्याचा विमा लोकांनी पैसे मोजून घेतला आणि संगीत फुकट वाटलं तरी घेतलं नाही. आज त्या सगळ्या पॉलिसींची मुदत केव्हाच भरून गेली; पण अमेरिकेचे पहिले अस्सल संगीतकार कोण, असं विचारलं तर जाणकार जी दोन-चार नावं घेतात त्यांत आइव्ज असतो.

'आधी नोकरीचं बघ, मग काय ती पेटी बडव' हा सल्ला आपल्या मध्यमवर्गात मुंजीच्या भिक्षावळीबरोबरच मिळतो. त्यामुळे नोकरी करून कला सांभाळणाऱ्या माणसाची गोष्ट आपल्याला फार जवळची वाटते. ती सांगण्याची रीतही ठरलेली आहे. फायलींच्या ढिगाखाली एक प्रतिभा गुदमरली, हस्तिदंती बोटांनी व्हाउचरं लिहिली, वगैरे. ऐकणाऱ्याने सुस्कारा सोडायचा आणि दुसऱ्या दिवशी नऊ-तेवीसची गाडी पकडायची. आइव्जची गोष्ट मात्र अशी सुस्काऱ्यात बसत नाही. नोकरीने त्याला पुष्कळ दिलं आणि पुष्कळ घेतलंही. विम्याच्याच माणसाचा हिशेब आहे, तेव्हा जमा आणि नावे असे दोन रकाने पाडूनच तो मांडलेला बरा.

जमेची पहिली रक्कम वडिलार्जित आहे. कनेटिकट राज्यातलं डॅनबरी हे टोप्या बनवणारं गाव. तिथे जॉर्ज आइव्ज नावाचे बँडमास्तर राहत. अमेरिकेतल्या यादवी युद्धात ऐन पोरवयात त्यांनी उत्तरेच्या फौजेत बँड चालवला होता. युद्ध संपलं तरी या माणसाची सुरांशी चाललेली लढाई काही संपली नाही. गावातल्या दोन बँडांना दोन वेगळ्या चाली देऊन समोरासमोरून चालत यायला लावायचं आणि दोघे एकमेकांना ओलांडून जाताना कसं वाजतं ते कान देऊन ऐकायचं, ही त्यांची करमणूक. घरात मुलांना एका पट्टीत गायला लावायचे आणि स्वतः दुसऱ्याच पट्टीत साथ करायचे. आपल्याकडे एखाद्या पेटीवाल्याने नटाला काळी दोनमध्ये उभं करून स्वतः पांढरी चार धरली असती, तर पहिल्या अंकाच्या पडद्याबरोबर त्यालाही गुंडाळून ठेवला असता. जॉर्जरावांनी पियानोच्या दोन पट्ट्यांमधले सूर शोधायलाही व्हायोलिनच्या तारा ताणून एक खटाटोप केला होता. श्रुतींवरून रात्र-रात्र भांडणाऱ्या आपल्या मंडळींना हा मनुष्य नक्कीच आवडला असता.

त्यांच्याबद्दलची एक आठवण चार्ल्सने पुढे सांगितली आहे. प्रार्थनेच्या मेळाव्यात गावचा एक म्हातारा पाथरवट मोठमोठ्याने आणि भयंकर बेसूर गात असे. कोणीतरी बँडमास्तरांना विचारलं, हे तुमच्या कानांना सहन तरी कसं होतं? त्यावर त्यांच्या सांगण्याचा आशय असा, की त्याचा आवाज फार ऐकू नका, त्याच्या चेहऱ्याकडे बघा. आवाजातच अडकलात तर त्याच्या गाण्यातलं संगीत निसटेल. पोराने बापाचं हे वाक्य जन्मभर जपलं. इतरांच्या घरी बाप सोन्याचं घड्याळ ठेवून जातो, या घरी बेसुराचा आदर ठेवून गेला.

म्हणून पोराला सूर कळत नव्हता असं मात्र समजू नका. चौदाव्या वर्षी तो पगारी चर्च-ऑर्गनवादक होता. १८९१ साली, सतराव्या वर्षी, त्याने 'अमेरिका' या देशगीतावर ऑर्गनसाठी काही रूपं बांधली. या देशगीताची चाल म्हणजे 'गॉड सेव्ह द किंग'चीच चाल. ज्या चालीला आपल्या आजोबांना शाळेत ताठ उभं राहावं लागे, त्या चालीला या पोराने एका रूपात चक्क पोलंडच्या नाचाचा ठेका धरायला लावला. पुढे येल विद्यापीठात होरेशो पार्कर या जर्मन वळणाच्या गुरूकडे चार वर्षं रीतसर तालीम झाली. तिथली त्याची पहिली सिंफनी चांगली भांग पाडून, बुटांना पॉलिश करून आलेली आहे. तात्पर्य, बेसूर लिहिणाऱ्याला सूर येत होता. हा मुद्दा लक्षात ठेवायचा, कारण नव्या कलेत पुष्कळांचं घोडं नेमकं इथेच पेंड खातं.

१८९८ साली पदवी घेऊन स्वारी न्यूयॉर्कला आली आणि एका मोठ्या विमा कंपनीत चिकटली. चर्चमधली ऑर्गनची चाकरी चालू होती, तीही १९०२ मध्ये सोडली. संगीताने पोट भरायचं नाही, असा पक्का निर्णय. त्याचं म्हणणं साधं होतं. बायकापोरं असलेल्या गृहस्थाने आपल्या कर्कश सुरांपायी त्यांना उपाशी का मारावं? आणि त्यांना जेवू घालण्यासाठी सूर गोड केले, तर मग ते सूर आपले कसले? १९०७ मध्ये त्याने स्वतःची एजन्सी काढली, पुढे जूलियन मायरिक हा भागीदार मिळाला आणि पाहता पाहता ती अमेरिकेतल्या सर्वांत मोठ्या एजन्सींपैकी एक झाली. आइव्ज स्वतः दारोदार फिरणारा नव्हे. फिरणाऱ्यांना तयार करणारा. त्याने एजंटांसाठी वर्ग काढले आणि कुटुंबाला नेमका किती रकमेचा विमा लागतो हे गणिताने काढायची रीत सांगणारी पुस्तिका लिहिली. शेजाऱ्याने दहा हजाराचा घेतला म्हणून आपण पंधराचा घ्यायचा, असं नाही. घरात खाणारी तोंडं किती, मुलं किती वर्षांनी कमावती होणार, असा हिशेब. थोडक्यात, जो माणूस संगीतात दोनावर दोन पाच करी, तो विम्यात दोन आणि दोन चारच करायला शिकवत होता.

१९०८ साली लग्न झालं. मुलगी परिचारिका होती, एका पाद्रीसाहेबांची कन्या. वडिलांची मार्क ट्वेनशी दाट मैत्री. आणि तिचं नाव काय असावं? हार्मनी! पाश्चात्त्य संगीतात हार्मनी म्हणजे सुरांचा मेळ. ज्या माणसाने जन्मभर हार्मनीचे नियम मोडले, त्याने घरातली हार्मनी मात्र शेवटपर्यंत सांभाळली. उलटच म्हणायला हवं, तिने त्याला सांभाळलं. 'जरा लोकांना आवडेल असं काहीतरी लिहा की' हे वाक्य तिने कधीही उच्चारलं नाही, असं तो कृतज्ञतेने सांगे. नवऱ्याला असलं काही न सांगणारी बायको हीच मुळात जमेची एवढी मोठी बाजू आहे, की पुढचा हिशेब मांडला नाही तरी चालेल.

पण मांडायला हवा, कारण अजून त्याचं संगीत आलंच नाही. 'न्यू इंग्लंडमधली तीन स्थळं' ही त्याची वाद्यवृंदासाठीची रचना घ्या. मधल्या भागात स्वातंत्र्यदिनाची सहल आहे, खेळता खेळता पेंगलेला एक पोरगा आहे, त्याच्या स्वप्नातली पलटण आहे आणि अर्थातच बँड आहेत. एका ठिकाणी दोन गटांची चाल वेगवेगळ्या लयीत एकदम चालू होते. आमच्या घरी ही तबकडी पहिल्यांदा लावली तेव्हा स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, रेडिओला दोन स्टेशनं एकदम लागलीयत बघा!" आइव्जवरची पुष्कळ विद्वत्तापूर्ण टीका मी वाचली आहे, पण इतकं अचूक वाक्य तीत सापडलं नाही. दोन स्टेशनंच लागलेली आहेत, आणि ती लागावीत म्हणूनच त्याने हा खटाटोप केला आहे. १९३१ च्या जानेवारीत निकोलस स्लोनिम्स्की या संचालकाने न्यूयॉर्कमध्ये ही रचना पहिल्यांदा जाहीरपणे वाजवून घेतली. असल्या जागी तो उजव्या हाताने एक लय आणि डाव्या हाताने दुसरी लय देत असे. एका हाताचं दुसऱ्या हाताला कळू नये, हा उपदेश दानधर्मापुरताच आहे असं आपण समजत होतो.

विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर पुढच्या मंडळाचा बँड आणि मागच्या मंडळाचं ढोलपथक यांच्यामध्ये जो सापडला आहे, त्याला आइव्ज समजावून सांगायची गरज नाही. त्या क्षणी आपण 'केवढा हा विसंवाद' म्हणत नाही. मिरवणूक जोरात आहे म्हणतो. कान एकाच वेळी दोन्हीकडे असतो आणि त्या दोन्हींचा मिळून जो गलका होतो, त्यालाच आपण उत्सव म्हणतो. आइव्जने हाच गलका कागदावर उतरवला. भजनं, पलटणीची कूच, पोरांची गाणी, नाचाच्या चाली असं सगळं गावातलं सामान घेतलं आणि जसं ऐकू येतं तसं, एकावर एक पडू दिलं. कागद साफ करून लिहिणाऱ्या नकलनविसालाही त्याने बजावून ठेवलं होतं, की कृपा करून दुरुस्त्या करू नकोस. चुकलेले दिसतात ते सूर बरोबर आहेत.

त्याचा 'कॉन्कर्ड सोनाटा' हा पियानोवरचा मोठा ग्रंथच आहे. चार भाग, आणि त्यांना कॉन्कर्ड गावच्या लेखकांची नावं: एमर्सन, हॉथॉर्न, ऑल्कट मंडळी आणि थोरो. हा थोरो आपल्याला परका नाही. सविनय कायदेभंगावरचा त्याचा निबंध गांधीजींनी वाचला होता. हॉथॉर्नच्या भागात एके जागी पावणेपंधरा इंच लांबीची लाकडी पट्टी पियानोच्या पट्ट्यांवर हलकेच दाबायला सांगितली आहे. पंधरा नव्हे, पावणेपंधरा! इथे विमावाला दिसतो. ऐकणाऱ्याला धक्का द्यायला येतो म्हणून हा माणूस वाह्यात म्हणावा, तर पाव इंचाचीही सूट देत नाही. आणि त्या पट्टीतून निघतो तो एक धूसर, दूरच्या धुक्यासारखा नाद. पट्टी बघून हसलेला माणूस तो ऐकून गप्प होतो.

आता नावे बाजू. हा सोनाटा त्याने १९२० च्या सुमारास स्वखर्चाने छापला. १९२२ मध्ये ११४ गाण्यांचं जाडजूड पुस्तक छापलं आणि लोकांना फुकट पाठवलं. लग्नाच्या पत्रिकेलासुद्धा लोक निदान 'यायचा प्रयत्न करतो' म्हणतात. इथे बहुतेकांनी पोचही दिली नाही. काहींनी टिंगल केली. दरम्यान १९१८ मध्ये तब्येत कोसळली, ती पुन्हा धड झाली नाही. दिवसभर कचेरी आणि रात्री सिंफनी अशी वीस वर्षं दोन पाळ्यांत काढलेल्या शरीराने हप्ता थकवला. आणि १९२७ च्या आसपास एके दिवशी तो वरच्या मजल्यावरून खाली आला, डोळ्यांत पाणी, आणि हार्मनीला म्हणाला की आता काही सुचत नाही, काहीच बरोबर वाजत नाही. त्यानंतर तो सत्तावीस वर्षं जगला. नवं जवळजवळ काही लिहिलं नाही.

या रकान्यात त्याच्या संगीताचे दोषही लिहिले पाहिजेत. ते नोकरीतूनच आलेले आहेत. ज्याला श्रोत्याची गरज नाही, त्याला श्रोता काही शिकवूही शकत नाही. 'साहेब, हे वाजत नाही हो' असं सांगणारा वादक त्याला कधी भेटलाच नाही, कारण वाजवायलाच कोणी नव्हतं. म्हणून त्याची पानं कधीकधी बायकोच्या नकळत भरलेल्या ट्रंकेसारखी होतात. झाकणावर बसल्याशिवाय कुलूप लागत नाही. चौथी सिंफनी १९६५ साली लिओपोल्ड स्टोकोव्स्कीने पहिल्यांदा पूर्ण वाजवली, तेव्हा त्याच्या मदतीला आणखी दोन संचालक उभे करावे लागले होते. शिवाय गोड सूर आवडणाऱ्यांना बायकी, लेचेपेचे म्हणून झोडपायची त्याला खोड होती. १९३१ च्या त्याच मैफलीत स्वतःच्या रचनेची छीथू त्याने मुकाट ऐकून घेतली. पण त्याचा मित्र कार्ल रगल्स याच्या रचनेला कोणी फिस्कारलं, तेव्हा उठून, मर्दासारखा कान उघडा ठेव, असं त्याला सुनावलं. मित्रप्रेम थोर, पण कानाला मिशा फुटल्या पाहिजेत हा आग्रह काही पटत नाही.

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. आइव्जने म्हणे युरोपातल्या स्ट्राविन्स्की प्रभृतींच्या आधी दोन पट्ट्या एकदम वाजवल्या. पण जुन्या वह्यांत तो म्हातारपणीही खाडाखोड करून कर्कश सूर वाढवत बसे. तेव्हा आधी लिहिलेलं कोणतं आणि नंतर घुसडलेलं कोणतं? १९८७ मध्ये मेनार्ड सॉलोमन या अभ्यासकाने त्याच्या तारखांवरच संशय घेतला. मोठं रणकंदन झालं. पुढच्या लोकांनी कागद आणि हस्ताक्षर तपासून बऱ्याच तारखांना दुजोरा दिला, काही पुढे सरकवल्या. मला या वादात एकच गोष्ट लक्षणीय वाटते. कोणी आधी केलं हे पेटंटच्या कचेरीत महत्त्वाचं. उत्सवाचा गलका कोणाच्या आधी ऐकला याने तो कमी-जास्त होत नाही. त्या पाथरवटाच्या बेसुराला तारीख कुठे होती?

आणि नोकरीने त्याला दिलेली सर्वांत मोठी गोष्ट मी मुद्दाम मागे ठेवली होती. ७ मे १९१५. जर्मन पाणबुडीने 'लुसिटानिया' हे प्रवासी जहाज बुडवलं, सुमारे १२०० माणसं गेली. संध्याकाळी कचेरी सुटल्यावर आइव्ज हॅनोव्हर स्क्वेअरच्या उन्नत रेल्वेच्या फलाटावर उभा होता. सगळे गप्प. खाली रस्त्यावर एक हातपेटीवाला जुनं भजन वाजवत होता. फलाटावर फावडं खांद्यावर टाकलेल्या एका मजुराने ते गुणगुणायला सुरुवात केली, मग एका पेढीवाल्या साहेबाने धरलं, मग कारकून, बाया, सगळ्यांनीच. कोणी कोणाच्या ओळखीचं नाही, पट्ट्या अर्थात दहा. गाडी आली, सगळे आत चढले, आणि गाणं विरून गेलं. हा प्रसंग पुढे त्याच्या वाद्यवृंदाच्या दुसऱ्या मालिकेतला शेवटचा भाग झाला. आधी नुसती शहराची घरघर, मग तिच्यातून वर येणारं ते भजन, वाकडंतिकडं, दहा गळ्यांचं, आणि पुन्हा घरघर.

हे संगीत संगीतशाळेतल्या प्राध्यापकाला लिहिता आलं नसतं, कारण तो साडेपाचला त्या फलाटावर नव्हता. तिथे उभं राहायला कचेरी सुटावी लागते. पुन्हा, विमा म्हणजे तरी काय? हजार अनोळखी माणसांनी चार-चार पैसे टाकून एकाच्या घरावर पडलेलं संकट वाटून घ्यायचं. आइव्जचा या कल्पनेवर खराखुरा विश्वास होता, धंद्यापुरता नव्हे. त्या संध्याकाळी फलाटावर लोकांनी दुसरं काय केलं? माझ्या मते त्याचं विम्याचं टेबल आणि त्याचा पियानो यांच्यामध्ये भिंत नव्हती. टीकाकारांनी ती मागाहून बांधली.

मान उशिरा मिळाला. कॉन्कर्ड सोनाटा १९३९ मध्ये जॉन कर्कपॅट्रिकने न्यूयॉर्कमध्ये वाजवला आणि एका वजनदार समीक्षकाने त्याची तोंडभरून तारीफ केली. चाळीसएक वर्षांपूर्वी लिहिलेल्या तिसऱ्या सिंफनीला १९४७ मध्ये पुलित्झर पारितोषिक मिळालं. बक्षिसं लहान मुलांसाठी असतात, अशा अर्थाचं काहीतरी पुटपुटून त्याने पैसे वाटून टाकले. १९५१ मध्ये लेनर्ड बर्न्स्टाइनने कार्नेगी हॉलमध्ये दुसरी सिंफनी वाजवली. हार्मनी गेली, हा गेला नाही. त्याने ती रेडिओवर ऐकली. या सिंफनीच्या अगदी शेवटी, सगळं सुखरूप पार पडलं असं वाटत असताना, बारापैकी अकरा सूर एकदम ओरडतात. एक कथा सांगते की ते ऐकून स्वयंपाकघरात तो आनंदाने नाचला. दुसरी सांगते की तो उठला, शेकोटीत थुंकला आणि काही न बोलता निघून गेला. चरित्रकारांना यांतली एक निवडायची असते. आइव्ज वाचल्यावर, मला विचाराल तर, दोन्ही चाली एकदम चालू ठेवाव्यात.

ज्यांना आता कडी काढून या विमावाल्याला आत घ्यावंसं वाटत असेल, त्यांनी कॉन्कर्डपासून सुरुवात करू नये. 'अनुत्तरित प्रश्न' ही सहा-एक मिनिटांची छोटी रचना लावावी. तंतुवाद्यं अतिशय हळू, शांत सूर धरून असतात. त्यावर एक ट्रम्पेट प्रश्न विचारतो. बासऱ्या उत्तर देतात. तो पुन्हा तोच प्रश्न विचारतो, त्या पुन्हा उत्तर देतात, जरा घाईने. असं सहा वेळा होतं आणि दर खेपेला बासऱ्या अधिक चिडतात, कमिटीतल्या मेंबरांसारख्या एकमेकींवर ओरडू लागतात. सातव्यांदा ट्रम्पेट तोच प्रश्न, त्याच शांतपणे, विचारतो. आता उत्तर द्यायला कोणी नसतं. तंतुवाद्यं मात्र तशीच चालू असतात. ही रचना त्याने १९०८ च्या सुमारास लिहिली आणि १९४६ मध्ये ती पहिल्यांदा लोकांसमोर वाजली. एवढी वर्षं तो प्रश्न ट्रंकेत होता, आणि हा गृहस्थ त्यांतली पुष्कळ वर्षं सकाळी टोपी घालून कचेरीत जात होता.